इंग्रजी शिकल्याची गोष्ट आपण कशी सांगतो?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आत्ता माझी ओळख करून देताना असं सांगण्यात आलं, की सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात मराठी शाळेत शिकलेला मुलगा, ज्याला कॉलेजात येईपर्यंत इंग्रजीचं एक वाक्य धड बोलता येत नव्हतं, तो जिद्दीने इंग्रजी शिकला आणि त्याने इंग्रजीतून डॉक्टरेट मिळवली. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. तुम्हाला तो विनय वाटला असेल. खरं सांगायचं तर मला जरा ओशाळल्यासारखं झालं. ही गोष्ट खोटी नाही, पण तिच्यात खरं फार थोडं आहे.

आजचा विषय तोच आहे. इंग्रजी शिकल्याच्या गोष्टी आपण कशा सांगतो, त्यात काय सांगतो आणि काय गाळतो. इंग्रजी हवं की मराठी हवं, या वादात मी शिरणार नाही. तो वाद आपल्याकडे दीडशे-पावणेदोनशे वर्षं चालू आहे आणि माझ्या एका व्याख्यानाने तो मिटायचा नाही. मला त्या वादातल्या कथनांची समीक्षा करायची आहे. समीक्षा कादंबरीची करतात, तशी गोष्टीचीही करता येते, मग ती सत्काराच्या सभेत सांगितलेली का असेना.

आपल्याकडे या गोष्टीचे दोन ठरलेले साचे आहेत. पहिला पराक्रमाचा. इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, आम्ही ते प्यालो आणि पचवलं. दुसरा साचा नुकसानीचा. इंग्रजीने आम्हाला आमच्या मातीतून उपटलं, आमची भाषा नासवली, आम्ही धड ना इकडचे ना तिकडचे. पहिला साचा सत्काराच्या दिवशी चालतो, दुसरा मराठी भाषा दिनाला. गंमत म्हणजे पुष्कळदा वक्ता एकच असतो. मीही दोन्ही प्रकारची भाषणं केलेली आहेत.

दोन्ही साच्यांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही आधी आणि नंतर सांगतात, मधलं सांगत नाहीत. आधी इंग्रजी येत नव्हतं, नंतर यायला लागलं. पण येत नसताना आणि येत असताना यांच्या मध्ये जो काळ असतो, वर्षानुवर्षांचा, त्यात डोक्यात नेमकं काय चालतं? तिथे माणूस विचार कशात करतो? त्याला कळलं आहे आणि सांगता येत नाही, की सांगता येतंय पण कळलेलं नाही? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, म्हणून मी तो उचलतो.

आधी माझंच सांगतो. १९६१ साली मी पाचवीत गेलो आणि इंग्रजी सुरू झालं. त्याआधी इंग्रजी अक्षर पाहिलं होतं ते एसटीच्या पाटीवर आणि औषधाच्या बाटलीवर. गुरुजी स्पेलिंग तालावर म्हणून घेत, पाढे म्हणावेत तसे. पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाती आली. आमच्या पिढीतल्या पुष्कळांचं इंग्रजी त्या पुस्तकांवर उभं आहे. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजी वाक्याचं मराठी करा. आज त्या पद्धतीला हसतात. मी हसणार नाही, का ते पुढे सांगतो.

अकरावी मॅट्रिक झालो. कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं, की 'प्रपोझिशन' म्हणजे जे एकतर खरं असतं किंवा खोटं असतं ते. मी घरी येऊन शब्दकोश काढला. तिथे अर्थ दिला होता : प्रस्ताव, सूचना. आता माझे वडील गावच्या विकास सोसायटीचे सेक्रेटरी. ठराव म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत. सूचक कोण, अनुमोदक कोण, सर्वानुमते मंजूर. त्यामुळे पहिली सगळी टर्म मी अशा समजुतीत काढली, की तर्कशास्त्र हे सभेतल्या ठरावांबद्दलचं शास्त्र आहे. ठराव खरा किंवा खोटा कसा असेल, हे काही कळेना. पण व्याख्या पाठ होती, उत्तर लिहिलं, बासष्ट मार्क मिळाले. पुढे केव्हातरी व्हरांड्यातून चालता चालता सर सहज म्हणाले, "अरे, प्रपोझिशन म्हणजे विधान रे." एका शब्दात सगळं लख्ख झालं. पण हा शब्द त्यांनी वर्गात उच्चारला नव्हता. वर्गात मराठी बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांना तरी दोष कसा देऊ? पुढे मीही तेच केलं.

आता या प्रसंगाकडे जरा नीट पाहा. बासष्ट मार्क मिळाले तेव्हा मला 'प्रपोझिशन' येत होतं का? परीक्षेच्या दृष्टीने येत होतं. मला ते कळलं होतं का? नाही. पराक्रमाच्या गोष्टीत हे बासष्ट मार्क येतात, व्हरांडा येत नाही.

इथे एका मोठ्या माणसाची मदत घेतो. लुडविग विट्गेन्स्टाइनचं 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ साली प्रसिद्ध झालं. ते सुरू होतं संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'मधल्या एका उताऱ्याने. लहानपणी आपण भाषा कशी शिकलो, हे ऑगस्टीन तिथे सांगतो. मोठी माणसं वस्तूकडे बोट दाखवत, नाव घेत, मी ते लक्षात ठेवी, वगैरे. विट्गेन्स्टाइनचा आक्षेप फार मार्मिक आहे. तो म्हणतो, ऑगस्टीनने हे वर्णन असं केलं आहे, जणू ते मूल एखाद्या परक्या देशात आलं आहे. त्याला तिथली भाषा येत नाही, पण त्याच्यापाशी दुसरी एक भाषा आधीच आहे. तान्ह्या मुलापाशी अशी आधीची भाषा कुठून असणार? म्हणजे पहिली भाषा शिकण्याचं वर्णन करताना ऑगस्टीनने नकळत दुसऱ्या भाषेचं वर्णन केलं.

मला नेहमी वाटत आलं आहे, की आपल्या शाळांनी याच्या बरोबर उलटी चूक केली. ज्या मुलापाशी भाषा आहे, तुडुंब आहे, त्याला इंग्रजी शिकवताना आपण असं धरून चालतो, की ते मुकं आहे. वर्गात मराठी बोललास तर दंड. हा दंड काय सांगतो? तुझ्यापाशी जे आहे ते नाही असं समज. ऑगस्टीनने तान्ह्याला भाषा बहाल केली, आपण बोलक्या मुलाची काढून घेतली.

यातली आणखी एक गंमत सांगतो. त्याच 'कन्फेशन्स'च्या पहिल्या प्रकरणात, काही पानं पुढे, ऑगस्टीन खरोखरच दुसऱ्या भाषेबद्दल लिहितो. हा उत्तर आफ्रिकेतला, आजच्या अल्जीरियात त्याचं गाव होतं, जन्म इसवी सन ३५४. शाळेत त्याला ग्रीक शिकावं लागलं आणि त्याला ग्रीकचा मनस्वी तिटकारा. होमरसारखा गोष्टीवेल्हाळ कवी, तोही त्याला कडू लागला. लॅटिन मात्र तो दायांच्या लाडात, हसण्याखेळण्यात शिकला होता; ग्रीकच्या पाठीमागे छडी होती. तो निष्कर्ष काढतो, की भाषा शिकायला धाकापेक्षा मोकळं कुतूहल जास्त कामाला येतं. अर्थात धार्मिक माणूस, लगेच शिस्तीचीही बाजू घेतो. पण पाहा, सोळाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस मधलं सांगतो आहे. ग्रीक मला कडू लागली, का लागली, हे सांगतो. आपल्या गोष्टींत हे कुठे आहे?

शोधलं तर सापडतं. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचं पुस्तक आपण पतिव्रतेची साक्ष म्हणून किंवा स्त्रीशिक्षणाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. मी तुम्हाला सुचवतो, की एकदा ते भाषा शिकल्याची गोष्ट म्हणून वाचा. १८७३ साली लग्न झालं तेव्हा ही अकरा वर्षांची मुलगी निरक्षर होती. न्यायमूर्तींनी तिला आधी मराठी शिकवलं, पुढे इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, घालूनपाडून बोलणं. रमाबाईंनी उलट उत्तर करायचं नाही, हा घरातला दंडक.

पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढायचं घाटत होतं, पुढे १८८४ मध्ये ते सुरू झालं. त्या निमित्ताने झालेल्या सभेत, गव्हर्नरसाहेबांच्या समोर, रमाबाईंनी इंग्रजीत पत्र वाचून दाखवलं. मजकूर रानड्यांनी तयार करून दिलेला. ती घरी आली आणि बायकांनी तिला फैलावर घेतलं. हा प्रसंग आपण कसा सांगतो? पराक्रमाच्या साच्यात. पहा, कालची निरक्षर मुलगी आज गव्हर्नरसमोर इंग्रजी वाचते आहे!

माझं म्हणणं असं, की पुस्तकातला मजकूर त्या साच्यात बसत नाही. एक म्हणजे त्या सभेत उच्चार तिचे होते, वाक्यं दुसऱ्याची. इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा टप्पा येतो. तोंड आपलं, वाक्य परक्याचं. माझी तर्कशास्त्राची व्याख्या तशीच होती. दुसरं म्हणजे घरातल्या बायकांचा राग व्याकरणावर नव्हता. त्यांना नेमकं कळलं होतं, की हे प्रकरण भाषेचं नसून पुरुषांच्या सभेत बाईने उभं राहण्याचं आहे. आपण त्यांना अडाणी म्हणतो, पण परिणाम त्यांनी अचूक ओळखला होता, पसंत केला नाही एवढंच. आणि तिसरी गोष्ट मला समीक्षक म्हणून सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुस्तकात सासरच्या बायकांचं बोलणं जिवंत आहे, खणखणीत आहे. पण इंग्रजी वाचून रमाबाईंच्या स्वतःच्या मनात काय झालं, कोणता विचार नवा आला, कुठे अडलं, याबद्दल पुस्तक जवळजवळ गप्प आहे. नवऱ्याचा उल्लेख तिथे 'स्वतः' असा येतो. त्या काळच्या रीतीला धरूनच आहे ते. पण शिकण्याच्या गोष्टीत 'स्वतः' हा शब्द शिकवणाऱ्यासाठी वापरला जावा आणि शिकणारीचं स्वतःपण रिकामं राहावं, ही गोष्ट मला चटका लावते. मी रमाबाईंना उणं लेखत नाही. नवऱ्याच्या निधनानंतर त्यांनी सेवासदनाचं जे काम केलं, ते दुसऱ्याने लिहून दिलेलं नव्हतं. मी म्हणतो ते एवढंच, की मधली जागा त्यांनीही रिकामी ठेवली, आणि ती रिकामी आहे हे आपल्याला दिसलं तरी पुष्कळ झालं.

आता नुकसानीच्या साच्याकडे येतो. तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात त्याचं सर्वांत गंभीर रूप कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्या 'स्वराज इन आयडियाज' या व्याख्यानात आहे. १९३० च्या आसपासचं व्याख्यान, छापलं गेलं १९५४ मध्ये. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : राजकीय गुलामी निदान बोचते. विचारातली गुलामी बोचत नाही, कारण ती आपल्याला आपलाच विचार वाटते. परकी संस्कृती तौलनिक विचार न करता स्वीकारली, की मन सावलीसारखं होतं. फार खोल विचार आहे तो, आणि मी वर्षानुवर्षं शिकवला. पण एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना कधी सांगितली नाही, ती आज सांगतो. हे व्याख्यान इंग्रजीत आहे. विचारांच्या स्वराज्याची मागणी इंग्रजीत, आणि इतक्या काटेकोर इंग्रजीत, की मराठीत उतरवताना घाम फुटतो. यात त्यांचा दांभिकपणा नाही. उलट मला असं दिसतं, की आपण गुलाम आहोत हे त्यांना ज्या उंचीवरून दिसलं, ती उंची दोन भाषांमध्ये उभं राहिल्यामुळेच मिळाली होती.

आणि नुकसानीच्या गोष्टीला सर्वांत खडा प्रश्न डॉ. आंबेडकरांच्या आयुष्याने विचारला आहे. त्यांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. आता इंग्रजीने आम्हाला आमच्या परंपरेपासून तोडलं असं म्हणताना हा 'आम्ही' कोण, हे विचारलं पाहिजे. ज्याला दाराशीच अडवलं, त्याला कुठून तोडलं? सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो याच अनुभवातून. बाबासाहेबांनी जातींवरचा पहिला निबंध कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली इंग्रजीत वाचला आणि १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत. जातीची मीमांसा करायला त्यांनी इंग्रजी वापरली, आणि ज्यांच्यासाठी करायची त्यांच्याशी बोलायला मराठी. दोन भाषा, दोन कामं, माणूस एक. हे ना वाघिणीच्या दुधात बसतं, ना मातीतून उपटण्यात.

आता मला एक प्रसंग सांगायचा आहे. तो मी आजवर जाहीरपणे सांगितलेला नाही. त्यात चूक माझी आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एम.ए.ची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक होते आणि मी. एक मुलगा आला, दुष्काळी भागातला, सगळं शिक्षण मराठीतून. विषय देकार्त. प्रश्न इंग्रजीत विचारला : देकार्तच्या संशयपद्धतीची चिकित्सा करा. मुलगा गप्प. मग म्हणाला, "सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?" नियमाने चालत होतं. बाहेरचे परीक्षकही मराठी जाणणारे होते. पण त्यांच्यासमोर आपल्या विभागाचा विद्यार्थी कच्चा दिसू नये, असं मला वाटलं. मी म्हणालो, "प्रयत्न करा, जमेल." त्याने गाइडमधली तीन वाक्यं म्हटली आणि थांबला. आम्ही जेमतेम मार्क दिले. यादीवर सह्या झाल्या.

संध्याकाळी तो जिन्यात भेटला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अहो, तुम्हाला काय सांगायचं होतं?" तो म्हणाला, "सर, मला एवढंच म्हणायचं होतं, की देकार्तने शंका घेतली. त्याला शंका आली नाही."

मी जिन्यात उभाच राहिलो.

मंडळी, मराठीत शंका घेता येते आणि शंका येते. शंका घेणं ही माझी क्रिया, शंका येणं हे माझ्या बाबतीत घडणं. 'मी शंका घेतो' आणि 'मला शंका येते'. इंग्रजीत दोन्हीला एकच क्रियापद पुरतं, आणि त्या एका क्रियापदाआड हा भेद दडून बसतो. देकार्त शेकोटीशेजारी बसून ठरवतो, की आजपासून सगळ्याची शंका घ्यायची. पण शंका अशी ठरवून येते का? जी आलेलीच नाही ती घेतली, तर ती शंका की शंकेचं सोंग? अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने १८६८ साली देकार्तवर हाच आक्षेप घेतला होता : मनात ज्याची शंका नाही, त्याची शंका असल्याचं नाटक तत्त्वज्ञानात करू नये. पर्स मी वाचलेला होता, शिकवलेलाही होता. या मुलाने वाचलेला नव्हता. त्याच्या भाषेने त्याला पर्सच्या दारापर्यंत नेऊन सोडलं होतं, आणि दार मी लावून घेतलं.

मार्क बदलता आले असते का? कदाचित खटपट केली असती तर. मी केली नाही. तो पुढे तत्त्वज्ञानात राहिला नाही, एवढंच मला माहीत आहे.

यावरून मराठी श्रेष्ठ असा निष्कर्ष काढू नका. त्या वाक्याचं मोल मला त्या क्षणी कळलं, ते मी पर्स इंग्रजीत वाचला होता म्हणून. नुसती मराठी असती तर मला ती शब्दांची कोटी वाटली असती. नुसती इंग्रजी असती तर ते वाक्य जन्मालाच आलं नसतं. विचार दोन भाषांच्या मधल्या फटीत होता. दुसरी भाषा शिकणाऱ्यापाशी ही फट असते. पहिल्या भाषेतल्या माणसाला आपलं 'शंका घेणं' आणि 'शंका येणं' कधी खुपत नाही, पाण्यातल्या माशासारखं. दुसऱ्या भाषेत ते एकाच शब्दात कोंबावं लागलं, की टोचतं. ते टोचणं म्हणजेच विचाराची सुरुवात. म्हणून तर्खडकरांना मी हसत नाही. रोज दहा वाक्यं इकडून तिकडे करताना मुलाला हे टोचत राही. त्या पद्धतीत बोलणं शिकवलं जात नव्हतं, हे खरं. पण मुलाची भाषा आहे, हे तिने कधी नाकारलं नाही.

असा प्रयोग मोठ्या पातळीवरही झाला. १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि इतरांनी 'संवाद' नावाचा एक उपक्रम केला. एका बाजूला संस्कृत परंपरेतले पंडित, दुसऱ्या बाजूला पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक. बर्ट्रांड रसेलची 'प्रपोझिशन'ची कल्पना संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवली. मी तिथे नव्हतो, पण १९९१ साली त्याचं पुस्तक आलं ते वाचलं, आणि मला माझे ठराव आठवले! कारण अडचण तीच. न्यायशास्त्रात खरं-खोटं ठरतं ते ज्ञानाबाबत, कुणाला तरी झालेल्या ज्ञानाबाबत. कुणाच्याही मनात नसलेलं, हवेत तरंगणारं, तरीही खरं किंवा खोटं असलेलं विधान म्हणजे काय, हा प्रश्न नैयायिकाला पडणारच. आणि तो प्रश्न पडला, की रसेलच्या वाचकालाही प्रथमच विचारावं लागतं : खरंच, असं काही असतं का? 'प्रपोझिशन' हा शब्द इंग्रजीत इतका गुळगुळीत झाला आहे, की तिथे हा प्रश्न सहसा उठत नाही. अडखळल्यामुळे तो उठला.

म्हणून मला म्हणायचं आहे, की आपल्या इंग्रजी शिकल्याच्या गोष्टी आपण नव्याने सांगायला हव्यात. किती अडखळलो हे लाज म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगा. कोणता शब्द चुकीचा समजून किती वर्षं काढली? कुठे पाठ केलं आणि कळलं नव्हतं? कोणत्या वाक्याला मराठीत जागा मिळाली नाही? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आता सेमी-इंग्रजी आहे, गल्लोगल्ली इंग्रजी माध्यम आहे. मुलांना आमच्यापेक्षा इंग्रजी लवकर बोलता येईल, आनंदच आहे. पण 'फ्रॅक्शन' म्हणणाऱ्या मुलाला अर्धी भाकरी आणि पाव भाकरी म्हणजे तेच, हे कुणी व्हरांड्यात सांगितलं आहे का? की त्याचेही बासष्ट मार्कच आहेत?

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, माझी मुलगी इंग्रजी माध्यमात सातवीत आहे. मराठी बोलते, पण वाचत नाही. आम्ही चूक केली का?

उत्तर : ताई, तुम्ही जे केलं ते मुलीच्या भल्यासाठी केलं, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण एक करून बघा. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद तिला म्हणा, आजीला सांग. आजीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे आजी मधेच विचारणार, "म्हणजे काय गं?" जिथे तिला उत्तर देता येणार नाही, तिथे खूण करून ठेवा. ती जागा मराठी न आल्याने अडली की विज्ञान न कळल्याने, हे तिचं तिलाच बघू द्या. आठवड्यातून एकदा पुरे. वाचनाचं नंतर होईल.

प्रश्न : मी कंपनीत काम करतो. सर, मला वाटतं हे सगळं तुम्हाला म्हणता येतं, कारण तुम्हाला इंग्रजी येतं. इंटरव्ह्यूमध्ये अडखळलो तर तिथे कुणी तत्त्वज्ञान बघत नाही. सरळ बाहेर काढतात.

उत्तर : तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. अडखळणं मोलाचं आहे असं मी म्हणतो, पण त्याची किंमत मी भरत नाही, अडखळणारा भरतो. त्या मुलाने भरली. तेव्हा तुम्ही इंग्रजी बोलायला शिका, अस्खलित शिका, मी तुम्हाला अडवणारा कोण? माझं बोलणं खरं तर टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांसाठी होतं. आज ना उद्या तुम्हीही तिकडच्या खुर्चीत बसाल. समोरचा म्हणेल, "सर, मराठीत सांगू का?" त्या वेळी घाई करू नका. मी केली होती.